धुराड्यावरचा तारा

डेन्मार्क हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढा. त्यातल्या फ्यून नावाच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला स्वेनबोर्ग हे एक लहानसे बंदराचे गाव आहे. तिथे राहणारा पीटर मर्स्क म्योलर हा शिडाच्या जहाजांवर वाढलेला कप्तान होता. १८८६ साली त्याने ‘लॉरा’ नावाची एक आगबोट घेतली, आणि तिच्या काळ्या धुराड्यावर निळा पट्टा ओढून त्यावर सात टोकांचा पांढरा तारा काढवून घेतला. त्याची पत्नी पूर्वी एकदा फार आजारी पडली होती. त्या रात्री ढगाळ आभाळात एखादा तारा दिसावा अशी त्याने प्रार्थना केली, तारा दिसला, आणि पत्नी बरी झाली. धुराड्यावरचा तारा ही त्या रात्रीची आठवण आहे, असे त्याने स्वतःच पत्नीला पत्रातून कळवले होते. १९०४ साली त्याने आपला मुलगा आर्नोल्ड पीटर म्योलर याच्याबरोबर स्वेनबोर्गला जहाज कंपनी काढली. तीच आजची मर्स्क. पेट्यांतून माल वाहणाऱ्या जगातल्या कंपन्यांत ती कित्येक वर्षे पहिली होती; जानेवारी २०२२ पासून तो मान ‘एमएससी’ या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला. सात टोकांचा तारा मात्र आजही तिचे चिन्ह आहे.

हा तारा धुराड्यावर काढलेला आहे, याकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. त्या धुराड्यातून निघणारा धूर हा आजच्या विषयाचा गाभा आहे. या कंपनीची जहाजे वर्षाला सुमारे एक कोटी टन इंधन जाळतात. जड तेलाचा एक टन जळला की त्यातल्या कर्बाला हवेतला प्राणवायू चिकटतो आणि तीन टनांहून थोडा अधिक कर्बवायू आकाशात जातो. म्हणजे एकट्या या कंपनीचा धूर वर्षाला तीन कोटी टनांच्या वर गेला. साऱ्या जगाच्या जहाजांचा हिशेब आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. २०१८ या एका वर्षात जहाजांनी सोडलेले तापवायू शंभर कोटी टनांहून अधिक भरले. मनुष्यमात्राच्या एकूण उत्सर्गाच्या ते २.८९ टक्के होते. २०४० सालापर्यंत आमचा निव्वळ उत्सर्ग शून्यावर आणू, असे मर्स्क कंपनीने जाहीर केले आहे. या वचनाचा भरवसा कितपत धरावा? भविष्य सांगणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. जहाजांनी यापूर्वी इंधने बदलली आहेत. ती का बदलली आणि कशी बदलली, एवढे मात्र तो सांगू शकतो.

पहिला बदल वाऱ्याकडून कोळशाकडे झाला, आणि त्याचा एक चांगला दाखला आपल्या मुंबईतच सापडतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८२९ साली ‘ह्यू लिंडसे’ नावाची ४११ टनांची आगबोट बांधली गेली. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. तिच्या कोळसाखान्यात साडेपाच दिवस पुरेल एवढीच जागा होती; एडन तर अकरा दिवसांच्या वाटेवर. म्हणून जिथे जागा सापडेल तिथे कोळसा कोंबला, उतारूंच्या दालनातसुद्धा. बोट इतकी जड झाली की पाणी काठाशी येऊन ठेपले. एडनला ती पोहोचली तेव्हा काही तासांचाच कोळसा शिल्लक होता. तिथून पुढच्या प्रवासासाठी कोळसा आधीच पाठवून ठेवलेला होता, आणि तो नेला होता शिडाच्या जहाजांनी! सुएझ गाठायला एक महिन्याहून थोडा अधिक काळ लागला, आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा वाटेत कोळसा भरण्यातच गेला.

या लहानशा बोटीची गोष्ट मी थोडी लांबवून सांगितली, कारण पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज तीत आहे. वारा फुकट आणि सर्वत्र. कोळसा मात्र जिथे नेऊन ठेवला असेल तिथेच मिळणार. तेव्हा आगबोट चालवायची तर अगोदर किनाऱ्यावर कोळशाची वखार हवी, आणि वखार राखायची तर किनाऱ्यावर सत्ता हवी. १८३९ च्या जानेवारीत इंग्रजांनी एडन घेतले. त्यामागे ही कोळशाची गरज फार मोठी होती. जहाजाचे इंधन जहाजावर ठरत नाही, ते काठावर ठरते.

एवढे होऊनही शिडे लगेच उतरली नाहीत. १८६० नंतरच्या दशकात आल्फ्रेड होल्ट या इंग्रज जहाजमालकाने दुहेरी प्रसरणाचे एंजिन समुद्रावर आणले आणि कोळशाचा खर्च पुष्कळ खाली आला. मग १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा उघडला. योगायोग असा, की चहाची वाहतूक करण्यासाठी बांधलेले ‘कटी सार्क’ हे प्रसिद्ध शिडाचे जहाज त्याच महिन्यात, कालवा उघडल्यानंतर पाचच दिवसांनी, पाण्यात उतरले. ज्या दिवशी ते तरंगू लागले त्या दिवशीच त्याचा धंदा संपत आला होता. मालकांना मात्र हे कळायला काही वर्षे लागली. चहा हातचा गेला, तेव्हा हे जहाज ऑस्ट्रेलियाची लोकर वाहू लागले.

दुसरा बदल कोळशाकडून तेलाकडे; त्याचे मानाचे पान डेन्मार्ककडेच जाते. १९१२ साली कोपनहेगनच्या बुरमाइस्टर आणि वाइन या कारखान्यातून ‘सेलांडिया’ हे डिझेल एंजिनावर चालणारे मोठे जहाज बाहेर पडले. ते मर्स्कचे नव्हे, ईस्ट एशियाटिक या दुसऱ्या डॅनिश कंपनीचे. त्याला धुराडेच नव्हते! लोक चकित होऊन पाहत. लंडनला ते थांबले असता ब्रिटिश आरमाराचे तेव्हाचे मंत्री विन्स्टन चर्चिल ते पाहायला गेले होते. तेल कोळशापेक्षा कमी जागा घेई, नळीने भरता येई, आणि मुख्य म्हणजे फावड्याने कोळसा लोटणारे आगवाले लागत नसत. पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, सलूनमध्ये गोव्याचे बटलर आणि खाली भट्टीपाशी पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले, अशी एक विभागणीच रूढ होती. भट्टीतल्या त्या माणसांचे काय हाल होत, याच्या हकीकती कोकणच्या खलाशांच्या घराघरांतून ऐकू येत. तेल आले आणि हळूहळू ती भट्टी विझली.

मर्स्क कंपनीने १९२१ साली आपले पहिले डिझेल जहाज समुद्रात आणले, आणि पुढे तेलाशी तिचा संबंध नुसता गिऱ्हाइकाचा राहिला नाही. १९६२ साली उत्तर समुद्रातल्या डॅनिश हद्दीत तेल शोधण्याचा परवाना आर्नोल्ड म्योलर यांच्या कंपनीने मिळवला, आणि १९७२ साली तिथून तेल येऊ लागले. जहाजाचे तेल जाळणारी आणि समुद्राच्या तळातून तेल काढणारी अशी दोन्ही अंगे एकाच घरात नांदू लागली. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

आता पेटीकडे येऊ. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या न्यूअर्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ हे जुने तेलवाहू जहाज ५८ ॲल्युमिनियमच्या पेट्या डेकवर ठेवून ह्यूस्टनला निघाले. ही कल्पना माल्कम मॅक्लीन नावाच्या एका मालट्रकवाल्याची. सुटा माल हमालांकरवी चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत. पेटीने तेच काम १६ सेंटांच्या आत झाले. एवढी तफावत असली की वादाला जागाच उरत नाही. दहा-वीस वर्षांत जगातली बंदरे बदलली. मर्स्क या धंद्यात उशिरा, १९७५ साली उतरली. पण १९९९ साली मॅक्लीनने स्थापन केलेल्या सी-लँड कंपनीचा आंतरराष्ट्रीय व्यवसाय तिनेच विकत घेतला. आपल्याकडे २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या गोदीतला पेट्यांचा व्यवहार खाडीपलीकडे जाऊ लागला. त्याच बंदरातला एक मोठा धक्का २००६ पासून मर्स्क समूहातली कंपनी भागीदारीत चालवते.

पेटीचे जहाज धावायचे किती वेगाने, या प्रश्नात धुराचा सारा हिशेब दडलेला आहे. जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग एक पंचमांशाने उतरवला तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते. प्रवासाला वेळ अधिक लागतो हे धरूनही, एका फेरीमागे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक इंधन वाचते. सी-लँडने १९७२-७३ मध्ये ३३ नॉटच्या वेगाने धावणारी आठ जहाजे आणली. ती येतात न येतात तोच १९७३ चा तेलाचा भडका उडाला आणि ती जहाजे मालकाला पोसवेनात. शेवटी अमेरिकन आरमाराने ती घेतली. तरी धडा फार दिवस टिकला नाही. २००६ साली मर्स्कने ‘एमा मर्स्क’ आणले. एक लाख नऊ हजार अश्वशक्तीचे तिचे एंजिन हे त्या वेळचे जगातले सर्वांत मोठे डिझेल एंजिन होते. मग २००८ साली व्यापार कोसळला, जहाजे अर्धी रिकामी फिरू लागली, तेल महाग होते. आणि मर्स्कने आपल्या जहाजांना सावकाश चालायला लावले. पंचवीस नॉटच्या जागी वीस, कधी त्याहूनही कमी. एंजिन इतके मंद चालवले तर ते बिघडेल अशी भीती होती. प्रयोगांती ती खोटी ठरली. २०१३ साली आलेले ‘मर्स्क मॅक-किनी म्योलर’ आणि त्याच्या जातीची अठरा हजार पेट्यांची वीस जहाजे तर मुळातच सावकाश चालण्यासाठी आखलेली होती. (पेट्यांचा हिशेब वीस फुटी पेटीवर करतात, चाळीस फुटी असेल तर ती दोन धरतात.)

याचा परिणाम म्हणून २००७ सालच्या मानाने एक पेटी वाहून नेण्यामागचा कर्बवायू २०१८ पर्यंत ४६ टक्क्यांनी कमी झाला, असे कंपनीने जाहीर केले. हे यश लहान नाही, आणि ते नाकारण्याचे कारणही नाही. परंतु त्यातले दोन मुद्दे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. एक असा, की हा आकडा दर पेटीमागचा आहे. पेट्या वाढल्या तर एकूण धूर तितका उतरत नाही. घरातल्या प्रत्येकाने अर्धी भाकरी कमी खाल्ली आणि पंगतीला पाहुणे वाढले, तर कोठीतले धान्य किती वाचले ते निराळे मोजावे लागते. पृथ्वीच्या भोवतालची हवा पेट्या मोजत नाही. दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: या ४६ टक्क्यांपैकी जवळजवळ प्रत्येक टक्क्याने कंपनीचे पैसे वाचवले आहेत. तेल कमी जळले, खर्च कमी झाला. धूर कमी होणे आणि नफा वाढणे या गोष्टी हातात हात घालून चालल्या.

मागचे सारे बदलही असेच झाले. कोळशाने वेळेची हमी दिली, तेलाने माणसे आणि जागा वाचवली, पेटीने हमाली वाचवली. नवी गोष्ट जुनीपेक्षा स्वस्त किंवा अधिक उपयोगी होती, म्हणून ती पसरली. कोणा जहाजमालकाने सद्बुद्धीने शिडे उतरवल्याचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. यानंतर करावयाचा बदल मात्र निराळ्या जातीचा आहे. नव्या इंधनाने जहाज वेगाने जाणार नाही, अधिक माल वाहणार नाही, माणसेही वाचणार नाहीत. तेच काम तितक्याच वेळात होईल, फक्त दुप्पट-तिप्पट दराच्या इंधनाने. समुद्राच्या इतिहासात असा व्यवहार पूर्वी झालेला नाही.

मग कायदा काय करीत होता, असे कोणी विचारील. १९९७ च्या क्योटो करारात देशोदेशींच्या धुराच्या मर्यादा ठरल्या. जहाजांचा धूर मात्र कोणाच्याच खात्यावर पडला नाही. अडचण खरी होती. जहाज बांधले कोरियात, मालक डॅनिश, निशाण सिंगापूरचे, खलाशी फिलिपिन्सचे आणि आपल्याकडचे, माल चीनहून जर्मनीला चाललेला, तेल भरले वाटेतल्या तिसऱ्याच बंदरात. हा धूर कोणाचा? शेवटी हा प्रश्न लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवण्यात आला, आणि तिथे तो वीस वर्षे रेंगाळला. २०१५ च्या पॅरिस करारात जहाजांचा उल्लेखही नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये संघटनेने पहिले धोरण ठरवले: २००८ च्या मानाने २०५० पर्यंत एकूण उत्सर्ग निदान निम्मा करायचा.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मर्स्कने निम्म्यावर न थांबता २०५० पर्यंत निव्वळ शून्य गाठण्याचे वचन दिले. इथे मघाचा तेलाच्या विहिरींचा धागा जुळतो. आपला तेल काढण्याचा धंदा कंपनीने २०१७ साली फ्रान्सच्या तोताल कंपनीला साडेसात अब्ज डॉलरच्या आसपास विकायचे ठरवले आणि मार्च २०१८ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. घर हलके झाले, वचन द्यायला हात मोकळे झाले. विहिरी बुजल्या नाहीत, त्यांचा मालक बदलला. जानेवारी २०२२ मध्ये वचनाची मुदत दहा वर्षांनी अलीकडे आणून २०४० केली गेली, आणि २०३० पर्यंत पेटीमागचा उत्सर्ग २०२० च्या मानाने निम्मा करण्याचे मधले लक्ष्य ठरले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह’ या तपासणी करणाऱ्या संस्थेने मान्य केलेली लक्ष्ये आली, आणि इथे ‘दर पेटीमागे’ हे शब्द गळून पडले. २०२२ च्या मानाने २०३० पर्यंत स्वतःचा एकूण उत्सर्ग ३५ टक्क्यांनी आणि २०४० पर्यंत ९६ टक्क्यांनी खाली आणायचा, असे ते बंधन आहे. कोठीतले धान्य मोजायला सुरुवात झाली ती इथून. या कंपनीची प्रतिज्ञा म्हणजे केवळ जाहिरात आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होत नाही, ते या कारणासाठी. जाहिरात करणारा माणूस आपल्या गळ्याभोवती एकूण आकड्याचा फास आपण होऊन घालून घेत नाही.

वचन पाळण्यासाठी कंपनीने निवडलेले इंधन म्हणजे मिथेनॉल. आपल्याकडे हे नाव बहुधा विषारी दारूच्या बातम्यांतून कानावर येते. तेच हे द्रव्य. ते द्रवरूप असते, टाकीत ठेवता येते, आणि डिझेल एंजिनात थोडे फेरफार करून जाळता येते. मात्र जगातले बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून करतात. ते जाळून काहीच साधत नाही. ते शेतातल्या आणि गोठ्यातल्या टाकाऊ द्रव्यांपासून, नाहीतर सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन आणि जैव वायूतून मिळवलेला कर्बवायू यांच्या संयोगाने करावे लागते. तसे केले तर जाळताना सुटणारा कर्ब हवेतूनच घेतलेला असतो, आणि खाते बरोबरीत राहते.

२०२३ साली कोरियात पहिले मिथेनॉलवर चालणारे पेटीवाहू जहाज तयार झाले. २,१०० पेट्यांचे लहानसे जहाज. १४ सप्टेंबर २०२३ रोजी कोपनहेगनला युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांच्या हस्ते त्याचे नामकरण झाले, आणि नाव ठेवले ‘लॉरा मर्स्क’. पीटर कप्तानाच्या पहिल्या आगबोटीचे नाव १३७ वर्षांनी पुन्हा पाण्यावर आले. कोरियातल्या उल्सानहून निघालेल्या या जहाजासाठी हिरव्या मिथेनॉलचा साठा आधीच वाटेवर पोहोचवून ठेवावा लागला: सिंगापूरला, इजिप्तला, रॉटरडॅमला. ‘ह्यू लिंडसे’साठी एडनला शिडाच्या जहाजांनी कोळसा नेऊन ठेवला होता तसाच हा प्रकार.

साठे करायला इंधन हवे, आणि इंधन करायला कारखाने. मे २०२५ मध्ये डेन्मार्कच्या दक्षिणेस कासो येथे सूर्याच्या विजेवर मिथेनॉल करणारा मोठा कारखाना सुरू झाला. वर्षाला ४२,००० टन ही त्याची शक्ती. आता साधा त्रैराशिकाचा हिशेब करू. मिथेनॉलच्या टनात जड तेलाच्या निम्मीच उष्णता असते. म्हणजे कंपनीच्या एक कोटी टन तेलाच्या जागी दोन कोटी टन मिथेनॉल लागेल. कासोसारखे पावणेपाचशे कारखाने झाले तर एका कंपनीची गरज भागेल. चीनमधल्या एका कंपनीशी वर्षाला पाच लाख टनांचा करार २०२३ साली झाला आहे; तोही या हिशेबात अडीच टक्केच भरतो. शिवाय हा हिशेब एकाच कंपनीचा झाला. खत करणारे, विमाने उडवणारे, पोलाद वितळवणारे असे अनेक जण त्याच विजेच्या आणि त्याच हायड्रोजनच्या दाराशी उभे आहेत.

मधल्या काळासाठी दुसरीही वाट चाचपली गेली. २०१९ साली ‘मेटे मर्स्क’ हे मोठे जहाज रॉटरडॅमहून शांघायला तळणीच्या उरलेल्या तेलापासून केलेले इंधन मिसळून गेले. तळणाच्या तेलावर समुद्र ओलांडला गेला हे ऐकून मौज वाटते, पण जगातल्या साऱ्या कढया रिकाम्या केल्या तरी साऱ्या जहाजांना पुरेल एवढे तेल निघणार नाही. असे इंधन वापरण्यासाठी जादा भाडे द्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकांकरिता कंपनीने निराळी सेवाच काढली, आणि काही मोठे कापडवाले व बूटवाले पुढे आले. एका बूटजोडामागे हा बोजा काही सेंटांचाच पडतो. मग अडते कुठे? अडते ते असे, की बूट घेणारा जहाजाचे भाडे भरत नाही. ते भरतो माल पाठवणारा व्यापारी, आणि त्याच्यापुढे दहा कंपन्यांचे दर असतात. हजारो पेट्या पाठवणाऱ्याला पेटीमागे पडणारा फरक दिसतो, आणि तो शेजारच्या कंपनीकडे वळतो. एकट्याने सचोटीचे माप वापरणारा दुकानदार बाजारात फार दिवस टिकत नाही. सगळ्यांची मापे सरकारने तपासली तरच त्याचा निभाव लागतो.

म्हणून मर्स्क कंपनी स्वतःच कायदा मागत राहिली. धुरावर कर बसवा, असे जहाज कंपनीने सांगण्याचा प्रसंग इतिहासात क्वचितच आला असेल. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४ पासून आपल्या बंदरांत येणाऱ्या जहाजांच्या धुरावर टप्प्याटप्प्याने किंमत लावली. लंडनच्या संघटनेने जुलै २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य असे सुधारित धोरण स्वीकारले, आणि एप्रिल २०२५ मध्ये जगभरच्या मोठ्या जहाजांना लागू होईल अशा नियमांचा मसुदा ६३ विरुद्ध १६ मतांनी मंजूर केला. ठरलेल्या मर्यादेपलीकडे धूर सोडील त्याने टनामागे १०० ते ३८० डॉलर भरावे, अशी त्यात तरतूद होती. ऑक्टोबरमध्ये तो अखेरच्या संमतीला आला. अमेरिकेने उघड विरोध केला, तेलवाल्या राष्ट्रांनी साथ दिली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय एक वर्ष पुढे ढकलला गेला.

समुद्रही स्वस्थ नव्हता. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हौथींचे हल्ले सुरू झाले. ‘मर्स्क हांगझू’ या जहाजावरही हल्ला झाला, आणि कंपनीने सुएझची वाट सोडून आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेण्यास सुरुवात केली. आशियातून उत्तर युरोपला जाताना त्या वळशाने सुमारे साडेतीन हजार सागरी मैल वाढतात. वास्को द गामाची वाट पुन्हा गजबजली. इतक्या वर्षांच्या सावकाश चालण्याने वाचवलेले तेल या वळशात जळू लागले. लक्ष्यांच्या कोष्टकात बंदुकीसाठी रकाना नव्हता.

या साऱ्याचा परिणाम कंपनीच्या जहाजखरेदीत दिसतो. द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू हे मधल्या काळचे इंधन म्हणून आम्ही घेणार नाही, थेट हिरव्या इंधनावर उडी मारू, असे मर्स्क पूर्वी ठासून सांगत असे. त्या वायूत मिथेन असतो. तो न जळता थोडासा निसटला तरी वीस वर्षांच्या मुदतीत कर्बवायूच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरतो. जानेवारी २०२४ मध्ये सोळा हजारांहून अधिक पेट्यांचे मिथेनॉलवरचे ‘आने मर्स्क’ उल्सानला दिमाखात बाहेर पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने आणखी वीस जहाजांची मागणी नोंदवली. ती सारी तेल आणि द्रवरूप वायू अशा दोन्ही इंधनांवर चालणारी आहेत. जैव मिथेन मिळाला की त्यांत तोच जाळू, असे कंपनी म्हणते. मिळेल तितका ती विकत घेत आहे, हेही खरे. ही वीस जहाजे २०२८ ते २०३० या काळात पाण्यात उतरायची आहेत. पेटीवाहू जहाज साधारण पंचवीस वर्षे चालते. २०४० साली त्यांतले सर्वांत जुने बारा वर्षांचे असेल.